दिनविशेषातली एक ओळ आणि बगदादचं सिंहासन

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी आपल्या पेपरचा जुना वाचक. सकाळी चहाबरोबर आधी दिनविशेष, मग निधन वार्ता, मग उरलेला पेपर, रिटायर झाल्यापासून हा क्रम ठरलेला आहे. तर १४ जुलैच्या दिनविशेषात एक ओळ होती, "१९५८ : इराकमध्ये लष्कराचा उठाव, राजेशाही संपुष्टात". वर बॅस्टिलचा तुरुंग, खाली जन्मदिवसांत आमच्या कराडजवळच्या टेंभूचे आगरकर, आणि मधे ही एवढीशी ओळ. वाचून असं वाटतं की इराकमधे शेकडो वर्षांची काहीतरी राजगादी होती आणि मिलिटरीवाल्यांनी एका दिवसात उलथवली. साहेब, ती गादी फक्त ३७ वर्षांची होती आणि ती इराकी लोकांनी मांडलेलीच नव्हती. ती मांडण्यात आपल्या सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या पोरांचं रक्त गेलंय, म्हणून हे लांबलचक पत्र. कापलंत तरी चालेल पण वाचा.

आमच्या आजीचे वडील मराठा पलटणीत होते. आजी मेसोपोटेमिया (म्हणजे आजचा इराक) वगैरे म्हणायची नाही, "बाबा बसऱ्याला होते" एवढंच. लहानपणी मला बसरा म्हणजे नथीतला मोती, त्यामुळे पणजोबा मोत्यांच्या गावाला नोकरीला होते असंच बरीच वर्षं डोक्यात होतं. नंतर वाचायला लागल्यावर कळलं ते कुठं होते ते.

१९१४ ला पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूनं उतरलं, तेव्हा इंग्रजांनी मुंबईहून फौज पाठवून नोव्हेंबरात तुर्कांच्या ताब्यातलं बसरा घेतलं. पलीकडं इराणात त्यांची तेलाची कंपनी होती, तिला धक्का लागू नये हा मूळ हेतू. ही फौज म्हणजे सहावी डिव्हिजन, तिचं नावच पूना डिव्हिजन! १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिच्यात. बसरा सोपं गेलं म्हणून नदी धरून वर वर सरकत गेले, बगदाद आता आलंच असं करत करत बगदादजवळच्या टेसिफोनला मार खाल्ला आणि माघारी येऊन डिसेंबर १९१५ मधे कूत नावाच्या गावात कोंडले गेले. १४७ दिवस वेढा होता. दाणागोटा संपला तेव्हा घोडे कापून खायची ऑर्डर निघाली, आपले बरेचसे शिपाई धर्मापायी घोड्याच्या मांसाला शिवेनात, भाजीपाला नाही, हिरड्या सुजून रक्त यायला लागलं, स्कर्व्ही. सोडवायला जी फौज वर येत होती तिचीच २३ हजार माणसं जायबंदी किंवा ठार झाली. शेवटी शेवटी तर इंग्रजांनी तुर्की सेनापतीला लाच देऊ केली, आधी दहा लाख पौंड, मग वीस लाख, आणि हा सौदा करायला जी माणसं गेली त्यातला एक तो पुढं 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स. तुर्कांनी नाही म्हटलं. २९ एप्रिल १९१६ ला साधारण १३ हजार माणसांनी शस्त्रं खाली ठेवली. जनरल टाउनशेंड साहेब इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात कैदेत, आणि शिपाई वाळवंटातून पायी, हजारो त्या वाटेवर आणि छावण्यांमधेच मेले. आमचे पणजोबा परत आले. आजी म्हणायची ताटात अन्न टाकलेलं त्यांना कधी खपलं नाही, आणि कूतबद्दल विचारलं की उठून गोठ्यात जायचे.

पुढच्या वर्षी, ११ मार्च १९१७ ला, जनरल मॉडनं बगदाद घेतलं आणि मोठा जाहीरनामा काढला की आम्ही जिंकायला नाही, तुम्हाला मुक्त करायला आलोय. लोकांनी तो ऐकून घेतला असणार. पण त्याच्या आधीच, १९१६ मधे, इंग्रज आणि फ्रेंचांनी साईक्स-पिको करार करून सगळा नकाशा आपसात वाटून घेतलेला होता, आणि त्याच सुमारास मक्केच्या शरीफ हुसेनला पत्रं लिहून सांगत होते की तुर्कांविरुद्ध उठाव कर, अरबांचं राज्य तुला देतो. एकच जमीन दोघांना विकणारे आपल्याकडं पण असतात, त्यांच्यावर पूर्वी ४२० लागायचा.

लढाई संपल्यावर कारभार बघा कसा चालला. नाणं आपला रुपया, कायदे हिंदुस्थानातल्या कायद्यांवर बेतलेले, कारकून आपले, आणि आर्नल्ड विल्सन नावाचा कमिशनर, त्याच्या डोक्यात हा प्रदेश हिंदुस्थानासारखाच थेट हाकायचा असं पक्कं. एप्रिल १९२० मधे सान रेमोला बसून इराकचा मँडेट ब्रिटनला मिळाला, म्हणजे थोडक्यात पालकत्व. इराकी लोकांनी विचारलं, आम्ही काय अज्ञान मुलं आहोत का? जूनच्या अखेरीला रुमैथा इथं भडका उडाला आणि शिया, सुन्नी, टोळ्यांचे शेख, शहरातले शिकलेले, सगळे एकत्र आले. शिया आणि सुन्नी एकमेकांच्या मशिदीत जाऊन सभा घेत होते. तो उठाव मोडायला पुन्हा हिंदुस्थानातूनच पलटणी नेल्या. खर्च आला सुमारे ४ कोटी पौंड!

इथं खरी गोष्ट सुरू होते. विलायतेत पेपरवाले ओरडायला लागले की आपल्या टॅक्सचा पैसा त्या वाळूत कशाला. चर्चिल तेव्हा वसाहतींचा मंत्री झाला होता, त्याला एकच हवं होतं, खर्च कमी करा पण ताबा सोडू नका. आता असं करायचं तर काय करतात? राजा बसवतात. १८१८ ला पेशवाई बुडवल्यावर एलफिन्स्टननं साताऱ्यात काय केलं? प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवलं, शेजारी ग्रँट डफला ठेवलं. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की साताऱ्याची गादी आपली होती, महाराज शिवछत्रपतींच्या वंशातले होते, लोक त्यांना मानत होते. बगदादमधे गादीपण नवी, राजापण बाहेरचा.

मार्च १९२१ ला कैरोत कॉन्फरन्स भरली. चर्चिल, इराकमधला इंग्रज हाय कमिशनर पर्सी कॉक्स, त्याची सल्लागार गर्ट्रूड बेल, लॉरेन्स वगैरे चाळीसेक जण. चर्चिल स्वतःच चेष्टेनं त्यांना चाळीस चोर म्हणायचा, म्हणजे त्याला विनोदबुद्धी होती आणि खरं बोलायची सवयही. तिथं ठरलं की शरीफ हुसेनचा तिसरा मुलगा फैसल इराकचा राजा. हा फैसल माणूस म्हणून चांगला, तुर्कांविरुद्ध लढलेला, देखणा, बोलण्यात मुरलेला. मार्च १९२० ला सीरियात राजा झाला होता पण जुलैत फ्रेंचांनी मैसलूनची लढाई मारून त्याला हाकलला. म्हणजे एक राजा हाताशी मोकळा होता आणि एक देश राजावाचून होता, घातला एकाला दुसऱ्यावर. पण तो हेजाझचा, म्हणजे मक्का-मदिनेकडचा, इराकमधे कधी राहिलेला नाही, बोली वेगळी, आणि देशात जास्ती लोक शिया असताना हा सुन्नी.

बसऱ्याचा सय्यद तालिब नावाचा एक वजनदार पुढारी होता, तो म्हणायचा इराक इराकींचा. एप्रिलमधे कॉक्स साहेबांच्या मॅडमनी त्याला चहाला बोलावलं. चहा झाला, बाहेर पडला, आणि पकडून थेट सिलोनला रवाना. प्रतापसिंह महाराजांना १८३९ मधे असंच उचलून काशीला पाठवलं होतं, चहा तेवढा पाजला नव्हता.

मग जनमत घेतलं. रिझल्ट ९६ टक्के फैसलच्या बाजूनं. सुलेमानियाच्या कुर्दांनी भागच घेतला नाही, किरकुकनं नको म्हटलं, तरी ९६ टक्के. सहकारी बँकेची इलेक्शन पाहिलेल्या माणसाला या आकड्याचं फार नवल वाटायला नको. २३ ऑगस्ट १९२१, ऊन चढायच्या आत सकाळी सहाच्या सुमाराला बगदादच्या सरकारवाड्याच्या आवारात राज्याभिषेक झाला. फैसल खाकी युनिफॉर्ममधे, शेजारी कॉक्स आणि इंग्रज जनरल. झेंडा वर गेला, आता राष्ट्रगीत वाजवायचं, पण नव्या देशाला राष्ट्रगीतच नव्हतं, म्हणून बँडनं काय वाजवलं तर गॉड सेव्ह द किंग. म्हणजे देवा राजाला सुखी ठेव, आणि राजा कोणता, तर लंडनचा! मला वाटतं त्या दिवशी तिथं उभ्या असलेल्या कुठल्याही इराकी माणसाला पुढची ३७ वर्षं समजून घ्यायला तेवढं गाणं पुरेसं होतं.

गर्ट्रूड बेल बाईंनी त्याच जुलैत घरी पत्रात लिहिलं होतं की राजे बनवायचं काम पुन्हा करणार नाही, फार ताण होतो. हुशार बाई, अरबी उत्तम, बगदादचं म्युझियम त्यांनीच उभं केलं, आणि १९२६ मधे बगदादमधेच झोपेच्या गोळ्या जास्त होऊन गेल्या. बाईंविषयी मला राग नाही. पण ताण त्यांना आला आणि परिणाम दुसऱ्यांनी भोगले हेही तितकंच खरं.

खर्च मात्र खरोखर कमी झाला. १९२२ पासून बंदोबस्ताचं काम विमानदळाला दिलं, पायदळ लावण्यापेक्षा टोळीच्या गावावर विमानातून बॉम्ब टाकणं स्वस्त. त्यात टॅक्स न भरणारी गावंही आली. पुढं जर्मनीची शहरं जाळणारा आर्थर हॅरिस इथंच तयार झाला. तिकडं १९२७ च्या ऑक्टोबरात किरकुकजवळ बाबा गुरगुरला तेल असं उसळलं की आवरता आवरेना, पण कंपनी इंग्रज, फ्रेंच, डच आणि अमेरिकनांची, इराकला टनामागं रॉयल्टी. १९३० च्या करारात पुढची २५ वर्षं विमानतळांचा हक्क लिहून घेतला आणि मग ३ ऑक्टोबर १९३२ ला स्वातंत्र्य दिलं. त्याच वर्षी आपला रुपया जाऊन त्यांचा दिनार आला, १३ रुपये आणि एक तृतीयांशाला एक दिनार.

फैसलची अवस्था धरलं तर चावतं सोडलं तर पळतं अशी. इंग्रजांविरुद्ध बोलला तर इंग्रज रागावणार, नाही बोलला तर लोक हसणार. तरी त्यानं बारा वर्षं तारेवरची कसरत केली, शेखांना सांभाळलं, शियांना जवळ करायचा प्रयत्न केला. मरायच्या थोडं आधी त्यानं आपल्या जवळच्या माणसांसाठी एक टिपण लिहिलं, त्यात म्हणतो की इराकी लोक म्हणून असे अजून तयारच झालेले नाहीत, नुसते वेगवेगळे जमाव आहेत, आणि देशात लोकांकडं एक लाखाच्या वर रायफली आहेत नि सरकारकडं पंधरा हजार. हे राजा लिहितोय! ८ सप्टेंबर १९३३ ला स्वित्झर्लंडमधे बर्नला तो गेला, वय फक्त ४८.

मुलगा गाझी आला, तरुण, गाड्यांचा शौकीन, इंग्रजांवर राग. राजवाड्यात स्वतःचं रेडिओ स्टेशन काढून कुवेत आमचं आहे म्हणून सांगायचा. लोकांना तो आवडत होता. एप्रिल १९३९ मधे त्याची गाडी खांबाला धडकली आणि संपला. अपघातच असेल कदाचित पण लोकांनी मानलं नाही, मोसुलला जमावानं इंग्रज कॉन्सुललाच मारलं. यावरून काय ते समजा.

आता गादीवर आलं चार वर्षंही पूर्ण न झालेलं पोर, दुसरा फैसल, आणि कारभार मामाकडं, अब्दुल इलाह. त्याच्या जोडीला नुरी अल सईद, हा तर चौदा वेळा पंतप्रधान झालेला माणूस. पोरवयाचा राजा, कारभार बघणारा नातेवाईक आणि मुरलेला कारभारी, हे चित्र आपल्याला नवीन नाही. १९४१ मधे रशीद अली नावाचा पुढारी आणि चार कर्नलांनी बंड केलं, मामा पळून इंग्रजांच्या युद्धनौकेवर. मग परत तेच, एप्रिलमधे हिंदुस्थानी फौज बसऱ्याला उतरली, महिनाभरात लढाई आटोपली आणि मामा इंग्रजी फौजेच्या मागोमाग बगदादमधे परत आला. त्या दोन दिवसांत, १ आणि २ जूनला, बगदादच्या ज्यू वस्तीत भयंकर कत्तल झाली आणि इंग्रज फौज शहराबाहेर बसून राहिली, कारण राजघराणं इंग्रजी संगिनींच्या आधारानं परत आलं असं दिसायला नको होतं. दिसायचं ते दिसलंच. चारही कर्नल पुढं फाशी गेले, त्यातल्या सलाहुद्दीन अल सब्बागचं प्रेत १९४५ मधे संरक्षण खात्याच्या दारात लटकवून ठेवलं. हे लक्षात ठेवा.

सगळं वाईटच केलं असं मी म्हणणार नाही. १९५२ ला तेलाचा निम्मा नफा मिळवला, त्यातला ७० टक्के पैसा धरणं, पूरनियंत्रण, रस्ते यासाठी डेव्हलपमेंट बोर्डाकडं बाजूला काढला. दर वर्षी टायग्रिसच्या पुरात बुडणारं बगदाद, पुराचं पाणी थरथर नावाच्या खोलगट भागात वळवायच्या योजनेनं वाचलं. काम चांगलं होतं. पण धरणाचं पाणी कुणाच्या शेतात, तर ज्यांच्या नावावर हजारो एकर अशा शेखांच्या, आणि कुळं शेत सोडून बगदादच्या कडेला बोरू आणि मातीच्या झोपड्यांत येऊन राहत होती. १९४८ मधे पोर्ट्समथला इंग्रजांशी नवा करार केला तेव्हा पोरं रस्त्यावर आली, पुलावर गोळीबार झाला, करार गुंडाळावा लागला. नुरीनं त्यातून काही धडा घेतला नाही. १९५५ ला बगदाद पॅक्ट, म्हणजे इंग्रजांना घेऊन केलेला लष्करी करार, १९५६ ला सुवेझवर इंग्रजांनी हल्ला केला तेव्हा सगळं अरब जग इजिप्तच्या नासिरच्या मागं आणि नुरी ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी.

शेवट कसा झाला बघा. जुलै १९५८ मधे लेबनॉन पेटलं म्हणून जॉर्डनच्या मदतीला एक ब्रिगेड पाठवायची ठरली. ती बगदादवरून जाणार होती. १३ तारखेच्या रात्री ती निघाली आणि तिच्यातल्या आरिफ नावाच्या कर्नलनं ती सरळ शहरात वळवली. कटाचा म्होरक्या ब्रिगेडियर कासिम मागं थांबलेला. सकाळी साडेसहाला रेडिओवर आरिफचा आवाज, राजेशाही संपली. राजा त्या दिवशी इस्तंबूलला निघणार होता, लग्न ठरलेलं होतं, वय २३. रिहाब राजवाड्याच्या पहाऱ्यावरच्या फौजेनं फारसा प्रतिकारच केला नाही, ज्यांचं मीठ खाल्लं त्यांच्यासाठी मरायला तिथं कुणी तयार नव्हतं. आठच्या सुमाराला सगळे अंगणात आले, राजा, मामा, घरातल्या बायका, आणि मशीनगन सुरू झाली. त्या पोराला आणि बायकांना मारलं ते वाईटच, त्याचं समर्थन नाही. मामाचं प्रेत रस्त्यावरून ओढत नेऊन लटकवलं, कुठं, तर संरक्षण खात्यासमोर, जिथं तेरा वर्षांपूर्वी सब्बाग लटकला होता. नुरी दुसऱ्या दिवशी बाईच्या वेषात पळताना सापडला. इंग्रज वकिलात जाळली आणि तिच्यासमोरचा जनरल मॉडचा पुतळा पाडला, तोच तो, मुक्त करायला आलेला.

माझ्या एका मित्राचं म्हणणं, तुझं बरोबर असेल पण मग जॉर्डनमधे याच घराण्याची गादी अजून कशी? प्रश्न रास्त आहे. तिथं तर फैसलचा भाऊ अब्दुल्ला बसवला होता आणि १९५१ मधे जेरुसलेमला त्याचाही खून झाला. पण त्याचा नातू हुसेन, यानं मार्च १९५६ मधे आपल्याच फौजेचा इंग्रज सेनापती ग्लब पाशा याला हातात नारळ दिला, तोही तडकाफडकी. लोक नाचले रस्त्यावर. नुरीला आणि मामाला असं एकदाही सुचलं नाही. अर्थात बगदाद पडल्यावर हुसेनलाही ब्रिटिश पॅराट्रूपर बोलवावे लागले होते, त्यामुळं त्याला फार डोक्यावर घ्यायचं कारण नाही, पण वारा कुठून येतोय ते त्याला कळत होतं.

शेवटी एक गावची गोष्ट. आमच्या शाळेच्या जुन्या भिंतीत एक दगडी पाटी आहे, या गावातून महायुद्धाला इतके गेले आणि त्यातले इतके परत आले नाहीत. जिल्ह्यात अशा पाट्या पुष्कळ गावांत आहेत. कुठं गेले ते पाटीवर नाही. मागच्या वर्षी रंगकामात कुणीतरी तिच्यावर ऑइलपेंटचा हात मारला, अक्षरं बुजली, मी आणि शाळेतल्या दोन पोरांनी टर्पेंटाइननं घासून आकडे काढले. एका पोरानं विचारलं, आजोबा, हे कशासाठी लढले? मी म्हटलं बसऱ्यासाठी. तो म्हणाला म्हणजे मोत्यांसाठी का.

तर संपादक साहेब, पुढच्या वर्षी १४ जुलैला त्या ओळीत "राजेशाही" च्या आधी "ब्रिटिशांनी १९२१ मधे बसवलेली" एवढं घाला. चारच शब्द आहेत, मी मोजलेत. जागा कमी पडली तर बॅस्टिलची ओळ कमी करा, आगरकरांची नको.

आपला,
एक जुना वाचक
जि. सातारा